अप्पांचा लोड

आमच्या घरात सगळ्यात आधी शिरलेला इंग्रजी शब्द म्हणजे ‘लोड’. शाळेत ए बी सी डी पाचवीला सुरू झाली, पण हा शब्द मला त्याच्या कितीतरी आधीपासून येत होता. तो इंग्रजी आहे हे मात्र ठाऊक नव्हतं.

माझे वडील, म्हणजे अप्पा, नळदुर्गात एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ते घरी आले की आई पाण्याचा तांब्या हातात देता देता विचारायची, “आता लोड कुठला हाय?” त्या एका उत्तरावर आमच्या घरातले पुढचे दिवस ठरायचे. हैदराबादचा लोड असला की आई लगेच परातीत पीठ घ्यायची. विजयवाड्याचा असला की कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि अप्पांचा जादा सदरा. सोलापूरचा असला तर ती काहीच करायची नाही. नुसतं म्हणायची, “मग जेवायला घरी हायसा,” आणि डाळीत एक वाटी पाणी वाढवायची.

चार-पाच वर्षांची असताना मला वाटायचं, लोड हा कुणीतरी माणूस आहे. कारण घरात बोलणंच तसं चालायचं. लोड अजून आला न्हाय. लोडनं दोन दिवस थांबवून ठेवलं. लोड उमरग्याला हाय, सकाळी निघतो. पांढरं धोतर नेसलेला, पोट सुटलेला, अप्पांना हुकूम सोडणारा एक माणूस मी मनात तयार केला होता. एकदा मी आईला विचारलं, “लोड आपल्या घरी का येत न्हाय?” आई इतकी हसली की तिला चुलीपुढून उठावं लागलं. तिनं ते अप्पांना सांगितलं. पुढच्या खेपेला अप्पांनी भरलेला ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा केला, मला उचलून वर घेतलं आणि ताडपत्रीचं एक टोक सोडून दाखवलं. आत साखरेची पोती होती.

“ह्यो बघ लोड,” ते म्हणाले.

माझी निराशा झाली. एवढ्या मोठ्या माणसाच्या जागी नुसती पोती निघाली होती.

त्यात आमच्या बैठकीत दुसरा एक लोड होताच, भिंतीला लावलेला, कापूस भरलेला, आईनं शिवलेल्या निळ्या खोळीचा. लांबच्या खेपेवरून आले की अप्पा त्याला पाठ लावून बसायचे. आई म्हणायची, “लोड उतरवून आले आन् लोडाला टेकले.” दोन्ही शब्द एकाच घरात राहत होते आणि आमचा कधी गोंधळ झाला नाही.

अप्पांना त्यांच्या कामाचा मोठा अभिमान होता, आणि तो दिसायचा लोड भरताना. हमालांनी पोती कशीही टाकलेली त्यांना चालायची नाहीत. एक थर आडवा, एक उभा, कडेची पोती किंचित आत कललेली, वर ताडपत्री ताणून दोर असे आवळलेले की बोटानं वाजवले तर आवाज यावा. “लोड हलला की गाडी हलती, आन् गाडी हलली की माणूस हलतंय,” असं ते म्हणायचे. हमाल कंटाळायचे, पण रस्त्यावर कुठंही उभा असलेला अप्पांचा ट्रक मी लांबून ओळखायची. त्याची पाठ सरळ असायची.

सहावीची परीक्षा संपली त्या मे महिन्यात मी हट्ट धरला की मला एकदा तरी लोडाबरोबर न्या. आई नको म्हणाली. पोरीच्या जातीनं ट्रकात बसायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. अप्पांनी तिला समजावलं. उमरग्याला तूर भरायची आणि सोलापूरच्या डाळमिलला उतरवायची, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. “आपल्याच रस्त्यावर तर हाय. दुपारी घरावरनंच जाणार. नगं वाटलं तर उतरवतो तिला.” आईनं माझ्या वेण्या घट्ट घातल्या आणि मला पाठवलं.

उमरग्याला लोड भरायला अकरा वाजले. मी केबिनमध्ये अप्पांच्या शेजारी बसले होते आणि खिडकीकडं क्लीनर काका. क्लीनर म्हटलं की पोरसवदा कुणीतरी डोळ्यांपुढं येतं, पण आमचे हे काका अप्पांपेक्षा वयानं मोठे होते. दात पडलेले, बोलणं कमी. ते अप्पांना ‘उस्ताद’ म्हणायचे. रस्ता तेव्हा अरुंद होता, एका वेळी दोन गाड्या कशाबशा जातील एवढा. मी उंचावरून शेतं बघत होते. उन्हाळ्यात काळी रानं नांगरून पडलेली, मधूनच एखादं कडुलिंबाचं झाड. मला वाटलं, आपले अप्पा रोज हे सगळं बघतात आणि घरी येऊन कधी सांगत नाहीत.

येणेगूर मागं पडल्यावर थोड्या वेळानं एक माणूस दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध आला. अप्पांनी ब्रेक दाबला. डाव्या बाजूच्या चरात ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी पडली होती. लग्नाचं वऱ्हाड होतं. रस्त्यावर अक्षता लागलेल्या टोप्या, एक फुटलेली पेटी, पितळेची घागर. आरडाओरडा फारसा नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आमच्या आधी एक एसटी थांबून गेली होती. ज्यांना बसता येत होतं त्यांना तिनं नेलं होतं. राहिले होते ते आडवे पडलेले, सहा-सात जण. त्यांत बायका जास्त.

अप्पा खाली उतरले, बघून आले आणि क्लीनर काकांना म्हणाले, “दोर सोड.”

“उस्ताद, लोड हाय आपल्यात.”

“दोर सोड म्हणलं न्हवं.”

मागच्या अर्ध्या भागातली पोती उतरवल्याशिवाय माणसं झोपवायला जागा होणार नव्हती. वऱ्हाडातले धडधाकट बाप्ये आले, शेजारच्या रानातून दोघं-तिघं पळत आले. पहिलं पोतं खाली पडलं ते खडीवर आपटून फुटलं आणि तूर सांडली. तेव्हा अप्पा म्हणाले, “आसं फेकू नगा. खाली खडी हाय, फाटतील सगळी. तकडं लिंबाखाली न्या. थप्पी लावा.”

माणसांनी ऐकलं. पोती लिंबाखाली गेली. अप्पा उभे राहून सांगत होते, ह्यो थर आडवा, त्यो उभा. मी बाजूला उभी राहून बघत होते. एवढ्या गडबडीतही माझ्या अप्पांची थप्पी सरळ उभी राहत होती, आणि मला त्याचा अभिमान वाटला. हे मला आज लिहायला जड जातं, पण वाटला होता.

जागा झाल्यावर ट्रकात वाकळा अंथरल्या आणि माणसांना वर घेतलं. हिरव्या शालूतली एक बाई होती, तिला उचलताना तिचा हात लोंबकळत होता. अप्पांनी माझ्या तोंडापुढं स्वतःला आडवं केलं, म्हणजे मला दिसू नये. मग मला काखेत धरून उचललं आणि थप्पीवर बसवलं.

“तू हितं लोडावर बस. म्या आल्याबिगर खाली उतरू नगंस. कुणी इचारलं तर सांग, लोड अप्पांचा हाय.”

क्लीनर काका मागं जखमींपाशी बसले. ट्रक नळदुर्गाच्या दिशेनं गेला.

ती दुपार मला अजून सगळीच्या सगळी आठवते. वऱ्हाडातली उरलेली माणसं मिळेल त्या वाहनानं दवाखान्याकडं गेली. रानातली माणसं आपापल्या कामाला गेली. मी तुरीच्या पोत्यांवर बसून राहिले. पोत्यांच्या तागाचा वास, वर लिंबाची बारीक सावली. पाय खाली सोडायचे की नाही, हाही मला प्रश्न होता. खाली उतरू नकोस म्हणाले होते, पाय सोडणं म्हणजे उतरणं होत नाही, असं मी बऱ्याच वेळानं ठरवलं.

शेजारच्या रानातून एक म्हातारी आली. तिला मराठी तुटकी येत होती, कानडी जास्त. आमच्या घरात आजोळाकडून कानडी होतीच, त्यामुळं मला कळत होतं.

“याक अळ्ती?” तिनं विचारलं. का रडतेस. मी रडत नव्हते असं मला वाटत होतं. गालाला हात लावला तर ओला होता.

तिनं मला पाणी दिलं, फडक्यातली अर्धी भाकरी आणि कांदा दिला. मी वर बसूनच खाल्लं. ती खाली बसून सांडलेली तूर गोळा करू लागली. खडीतून एकेक दाणा वेचून पदरात घ्यायची, पदर भरला की फुटक्या पोत्यात ओतायची. मी म्हटलं, “आजी, राहू द्या, तुमी न्या घरी.” तिनं मान हलवली. “लोड निन्न अप्पंदू,” ती म्हणाली. तुझ्या अप्पांचा आहे. आमचा शब्द तिला कसा माहीत, याचं मला नवल वाटलं. मग लक्षात आलं, तिचं रान रस्त्याकडेचं होतं. तिनं आयुष्यभर ट्रकच बघितले होते.

मध्ये शेरडं आली. फुटक्या पोत्यात तोंड घालायला लागली. मी वरूनच ओरडून, चप्पल फेकून त्यांना हाकललं. मग ती चप्पल आणून देण्यासाठी म्हातारीला विनवावं लागलं, कारण मला उतरायचं नव्हतं.

अप्पा आले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. ट्रकाचा मागचा भाग ओला होता, धुतलेला. सदरा दुसराच होता, कुणाचा तरी. माणसं बोलावून पोती परत चढवली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की अप्पा बघत नाहीयेत. पोती कशीही पडत होती. ताडपत्री एका बाजूला लोंबत होती आणि दोर सैल होता. क्लीनर काकांनीच तो नंतर आवळला.

नळदुर्ग जवळ आल्यावर मी विचारलं, “अप्पा, त्या बायका बऱ्या झाल्या?”

“झाल्या. एक गेली.”

“कुठं गेली?”

अप्पांनी गिअर बदलला. ती कुठं गेली ते मला दुसऱ्या दिवशी आईनं सांगितलं. नळदुर्गच्या दवाखान्यात तिला तपासून लगेच सोलापूरला न्या म्हणाले होते, आणि ती वाटेत गेली. हिरव्या शालूतली. नवऱ्या मुलाची थोरली बहीण होती.

दुसऱ्या दिवशी अप्पा सोलापूरला लोड उतरवून आले. एक दिवस उशीर झाला म्हणून मालक आधी बोलले. गाडी माल न्यायला दिली आहे, माणसं न्यायला नाही, असं म्हणाले. मग सगळं ऐकल्यावर म्हणाले, आठ दिवस घरी रहा. मालक काही वाईट माणूस नव्हते.

त्या आठ दिवसांचा दीड महिना झाला. अप्पा सकाळी उठायचे, अंघोळ करून विभूती लावायचे, चहा प्यायचे आणि लोडाला टेकून बसायचे ते संध्याकाळपर्यंत. मालकांनी दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा अप्पा उठून सदरा घालून दारापर्यंत गेले आणि परत आले. ट्रक दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात गेला. आई पहिल्यांदा समजुतीनं बोलली, मग चिडून, मग तिनं बोलणंच सोडलं. आम्ही दोघी, मी आणि माझी धाकटी बहीण, घरात पाय न वाजवता चालायला शिकलो.

हायवेवर ढाब्यांच्या ओळीत एक मेस्त्री होते, ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगा, दुरुस्त करायचे. मुसलमान होते, अप्पांचे वीस वर्षांचे दोस्त. ते रोज दुपारी नमाजानंतर आमच्याकडं येऊन बसायचे. अप्पा बोलायचे नाहीत, मग तेही बोलायचे नाहीत. एक दिवस जाताना ते दारात आईपाशी थांबले. मी तिथंच भांडी घासत होते.

“भाभी, उस्तादच्या डोक्यावर लोड आलाय,” ते म्हणाले.

मी हात थांबवून वर बघितलं. डोक्यावर लोड, हे मी कधी ऐकलं नव्हतं. लोड ट्रकात असतो किंवा भिंतीला असतो.

“ते तर दिसतंयच,” आई म्हणाली. “पर कशाचा? बाई मेली ह्यात ह्यांचा काय गुन्हा? ह्यांनी तर न्हेलं तिला.”

“गाडी वव्हरलोड झाली की पाटा वरनं दिसायला चांगलाच दिसतो. खाली वाकून बघावं लागतंय.”

“मग बघा वाकून. मला तर बोलत न्हाईत.”

मला माहीत होतं, कशाचा. मला कसं माहीत होतं ते सांगता येत नाही, पण त्या थप्पीवर मी सबंध दुपार बसले होते. मी मेस्त्रींना म्हटलं, “काका, अप्पांनी पोती नीट लावाय लावली. थप्पी लावाय लावली. त्याच्यात येळ गेला.”

आई माझ्याकडं बघत राहिली. मेस्त्री खाली बसले, माझ्या समोर, भांड्यांच्या पाण्यात. “किती येळ गेला, बेटी?”

“न्हाई ठावं. लई न्हाई. पर गेला.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते एका माणसाला मोटारसायकलवर मागं बसवून. तिशीचा शेतकरी, लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातला, डोकं भादरलेल्या जागी केस नुकते उगवलेले. हिरव्या शालूतल्या बाईचा नवरा. मेस्त्रींनी कुठं कुठं विचारून त्याचं गाव शोधलं होतं. ते आईला हळूच म्हणाले, “लोड ज्याच्या नावाचा असतो, त्याच्याच दारात उतरतो, भाभी. दुसरीकडं कुणी उतरवून घेत न्हाय.”

आईनं दोघांना आत बसवलं. तो माणूस अप्पांच्या समोर बसला. अप्पांनी त्याला ओळखलं, दवाखान्यात बघितलं होतं. मग अप्पांच्या तोंडून दीड महिन्यातलं पहिलं लांब वाक्य आलं.

“पावणं, म्या थप्पी लावत बसलो. पोती फेकून दिली आसती तर लवकर निघालो आसतो. तुमची मालकीण वाचली आसती का न्हाई, मला ठावं न्हाई. पर म्या थप्पी लावत बसलो.”

त्या माणसानं मान खाली घातली. मी आईच्या मागं उभी होते. मला वाटलं, आता तो उठून जाईल किंवा अप्पांना काहीतरी बोलेल.

“पोती म्याबी उतरवली,” तो म्हणाला. “तुमाला आठवत नसंल. तुमी थप्पी लावा म्हणलासा तवा मला बरं वाटलं. हाताला काम हुतं. तिच्याकडं बघाय लागत न्हवतं.” मग म्हणाला, “तिनं दोनदा हाक मारली मला. म्या पोतं घिऊन लिंबाकडं चाललो हुतो. ठेवून येतो म्हणलो.”

अप्पा रडले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना बघितलं. तोही रडला. मेस्त्री भिंतीकडं बघत बसले. आई आत गेली आणि तिनं सगळ्यांना पुरेल एवढा चहा ठेवला. मला म्हणाली, दूध आण. मी दूध घेऊन आले तोवर ते दोघं पेरणीचं बोलत होते. पाऊस कुठं किती झाला, तूर घालायची की सोयाबीन.

तो माणूस गेल्यावर अप्पा तिथंच लोडाला टेकून झोपले ते दिवे लागेपर्यंत. आईनं आम्हाला अंगणात बसवून ठेवलं. पुढच्या आठवड्यात ते मालकांकडं गेले. ट्रक पुन्हा त्यांच्या हातात आला आणि वयाची साठी उलटेपर्यंत राहिला. मला वाटलं होतं, आता ते थप्पीचा आग्रह सोडतील. नाही सोडला. आधीसारखेच हमालांवर खेकसायचे आणि ट्रकची पाठ आधीसारखीच सरळ असायची. तो माणूस दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत एकदा यायचा, पिशवीभर हुरडा घेऊन. त्या दिवसाबद्दल दोघं पुन्हा कधी बोललेले मी ऐकलं नाही.

पुढं मी शिक्षिका झाले. सास्तूरच्या बाजूला, भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या सरळ गल्ल्यांच्या गावांत माझी बरीच नोकरी झाली. इंग्रजी शिकवताना ‘लोड’ आला की मुलं आपणहून सांगायची, “बाई, ओझं.” मी म्हणायची, बरोबर. पण मुलांची भाषा माझ्या डोळ्यांदेखत पुढं चालली होती. विजेच्या टंचाईत लोडशेडिंग आलं आणि म्हाताऱ्या बायकाही “आज आमचा लोड न्हाय”, म्हणजे आज वीज जाणार नाही, म्हणून पिठाची गिरणी गाठायला लागल्या. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला की उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारी जळायच्या. मग शाळेत संगणक आला. त्याच्यापुढं तीस मुलं दाटीनं बसायची आणि पडद्यावर गोल फिरायला लागलं की एकसुरात म्हणायची, “लोड होतंय, बाई.” एकदा सातवीतली एक मुलगी गृहपाठ न करता आली. का केला नाहीस म्हटलं तर म्हणाली, “घरी लई लोड हाय.” मी रागावणार होते. तिच्या हाताकडं लक्ष गेलं. कापूस वेचून बोटं चिरली होती. मी तिला बसवलं.

माझ्या मुलीच्या तोंडी हा शब्द आला तो वेगळ्याच चालीनं. ती पुण्याला नोकरीला लागल्यापासून फोनवर प्रत्येक गोष्टीला म्हणते, “आई, तू लोड नको घेऊ.” बदलीची काळजी सांगितली, लोड नको घेऊ. तिच्या लग्नाचं काढलं, लोड नको घेऊ. मला त्याचा राग यायचा. आमच्या घरात तो शब्द कसा आला, काय काय वाहून आला, आणि ही तो माशी हाकलावी तसा वापरते. पण हे तिला सांगितलं नाही. आजोबांची ती गोष्टही सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी अप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापूरला करायचं ठरलं. अप्पा आता पंचाऐंशीच्या पुढं आहेत. आई जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सुट्टी घेऊन आली आणि म्हणाली, आजोबांना मीच गाडीतून नेते. दवाखान्यात ते हिरवा झगा घालून खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. ती त्यांच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, “आजोबा, दहा मिनिटांचं काम आहे. लोड घेऊ नका.”

अप्पांना ऐकू कमी येतं, पण हा शब्द बरोबर ऐकू आला.

“का गं?” ते म्हणाले. “लोड घ्यायचा. रिकामी गाडी लई उडती. चालवणाऱ्याची कंबर मोडती.”

मुलगी माझ्याकडं बघून हसली. तिला वाटलं, आजोबांनी चुकीचं ऐकलं. मला काही तसं वाटलं नाही, पण तेवढ्यात नर्सनं त्यांना आत बोलावलं.

ऑपरेशन नीट झालं. परतीच्या वाटेवर ते पुढं बसले, एका डोळ्यावर पट्टी. रस्ता आता चौपदरी आहे, दुभाजकात कण्हेरीची झाडं लावलेली. ते उघड्या डोळ्यानं बाहेर बघायला लागले आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा लोड सांगायला लागले. टायर किती दबलेत, ताडपत्री कशी फुगली आहे, त्यावरून. “सळई. ह्यो कांदा. ह्यो सिमेट. हे काय न्हाय, कापूस हाय, नुसता फुगलाय.” मुलीला गंमत वाटली. ती मुद्दाम गाडी हळू करून त्यांना एकेक ट्रक दाखवू लागली, आणि दाखवता दाखवता मला म्हणाली, “आई, हे मला कधी माहीतच नव्हतं.” मग त्या रस्त्यावर, गाडी चालत असताना, मी तिला त्या दुपारची गोष्ट सांगितली. अप्पांनी ऐकली की नाही ते कळलं नाही. ते खिडकीकडंच बघत होते.

नळदुर्गच्या अलीकडं एका ढाब्यावर चहाला थांबलो. समोर एक बारा चाकी ट्रक उभा होता. “साखर,” अप्पा म्हणाले. मुलगी उतरून ड्रायव्हरला विचारून आली. पोत्यांत मका होता. अप्पांना पटलं नाही. काठी टेकत ते स्वतः गेले, ताडपत्रीखालच्या पोत्यावर हात फिरवला, नाकाजवळ नेला आणि बराच वेळ त्या तरुण ड्रायव्हरशी बोलत उभे राहिले. ड्रायव्हरनं त्यांना खुर्ची आणून दिली. चहा गार झाला तरी ते आले नाहीत. शेवटी मी बोलवायला गेले, तेव्हा ते त्याला मागच्या दोराची गाठ सोडून परत बांधायला लावत होते.